आधी खोली, मग फोटो: सह्याद्रीच्या निसर्गदृश्यांचं प्रदर्शन संग्रहालयात मांडताना

निसर्गदृश्यांच्या प्रदर्शनाची तयारी बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होते. दोनशे फोटो जमतात, त्यांतले साठ निवडले जातात, प्रिंट होऊन येतात आणि मग कळतं की भिंतीवर वीसच मावतात. उरलेले दोन ओळींत दाटीवाटीने लागतात आणि कोकणकडा पासपोर्ट फोटोसारखा दिसू लागतो. डोंगर बघायला अंतर लागतं आणि ते अंतर खोली देते. म्हणून पहिल्या दिवशी फोटो उघडायचे नाहीत, टेप उघडायची.

इथे उदाहरणाला धरलेली जागा जिल्ह्याच्या गावी असते तशी आहे: ४० बाय २२ फुटांचा हॉल, छत ११ फुटांवर आणि शेजारी १६ बाय १३ फुटांची एक खोली, जिथे फिल्म दाखवायची आहे. विषय सह्याद्री: पठारं, कडे, घाटातला पाऊस, किनारा.

भिंत किती, फोटो किती

हॉलचा घेर १२४ फूट. त्यातून दारं, खिडक्या, खांब, स्विचबोर्ड, आग विझवायची नळकांडी आणि ओल आलेला भाग वजा करा. हाताशी साधारण ८० फूट राहतात, म्हणजे ९६० इंच. एक चौकट सरासरी ३४ इंच रुंद आणि दोन चौकटींमध्ये १८ इंच मोकळी भिंत धरली तर एका फोटोला ५२ इंच लागतात. ९६० भागिले ५२, म्हणजे अठरा फोटो. फार तर वीस. हा आकडा निवड समितीला पहिल्याच बैठकीत सांगावा. नंतर सांगितला तर प्रत्येक फोटोसाठी कुणीतरी भांडायला उभा राहतो.

जागा वाढवायची असेल तर हॉलच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक पार्टिशन उभं करता येतं. १९ मिमी प्लाय लाकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी मारून ८ बाय ८ फुटांचं पार्टिशन केलं की १६ फूट भिंत वाढते. पायाला दोन्हीकडे आडवे पाय द्या किंवा पार्टिशनचा आकारच इंग्रजी टीसारखा करा. सरळ एकाच रेषेतलं पार्टिशन शाळेच्या सहलीतल्या पहिल्या रेलारेलीत डोलतं.

दोन्ही बाजूंना आता सुमारे पावणेअकरा फूट उरतात. माणूस फोटोपासून आरामात आठ फुटांवर उभा राहील आणि त्याच्या पाठीमागून दुसरा जाऊ शकेल. फोटो एका नजरेत मावायला त्याच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतर लागतं. आठ फुटांवरून पाहायचा तर कर्ण ६० इंचांच्या पुढे नको, म्हणजे प्रिंट ५० बाय ३३ इंच. तेवढे मोठे दोन-तीनच ठेवा. सगळेच मोठे असले की कुठलाच मोठा वाटत नाही. सहा फुटांच्या बोळात मात्र ३० बाय २० च्या वर जाऊ नका. तिथे पन्नास इंची फोटो लावला तर लोक तो न बघता त्याच्या कडेने चालत जातात.

याच वेळी अजून एक गोष्ट ठरवायची: अंधार कुठे. फोटोंना उजेड हवा, फिल्मला काळोख हवा आणि दोघांमध्ये एक दार आहे. फिल्मच्या खोलीच्या दारासमोर फोटोवरचा एकही दिवा येणार नाही अशी मांडणी कागदावर आत्ताच करून ठेवा. हे शेवटच्या आठवड्यावर सोडलं की मग दाराला जाड चादर लटकवायची वेळ येते.

प्रिंट: छापण्याआधीचं काम

निसर्गदृश्याची गंमत अशी की माणूस आधी लांबून बघतो आणि मग नाक लावून बघतो. कड्याखालची वाडी शोधतो, गुरं मोजतो. म्हणून 'मोठा प्रिंट लांबूनच बघतात, कमी रिझोल्यूशन चालतं' हा होर्डिंगचा हिशेब इथे लागू पडत नाही. इंचाला १५० पिक्सेल ही खालची मर्यादा धरा. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये ६००० बाय ४००० पिक्सेल असतात. ती इंचाला ३०० पिक्सेलने २० इंच रुंद, २०० ने ३० इंच आणि १५० ने ४० इंच रुंद जाते. पन्नास इंची प्रिंटसाठी ४५ मेगापिक्सेलची किंवा अनेक फोटो जोडून केलेली फाइल हवी.

मोठ्या आकारात तीन चुका हमखास वर येतात. पहिली, जास्त शार्पनिंग. आकाशाला टेकलेल्या डोंगरकडेला तीन पिक्सेलची पांढरी किनार स्क्रीनवर दिसतही नाही. १५० च्या हिशेबाने ती कागदावर अर्धा मिलिमीटर होते आणि डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दुसरी, नॉइज काढायच्या नादात गवत मेणचट होणं. पठारावरची फुलं आणि गवत हाच ज्या फोटोचा जीव आहे, तिथे थोडी रवाळ फाइल परवडते. तिसरी, धुक्यात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडणं. ८ बिट जेपेगवर ओढाताण केली की ते पडतात, म्हणून छायाचित्रकाराकडून मूळ रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) किंवा १६ बिट टिफ मागा. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कोणत्याही कारणाने स्वीकारू नका.

आता सावल्यांबद्दल. सह्याद्रीचा खडक म्हणजे काळा बेसाल्ट. पावसाळ्यात तो भिजून आणखी काळा होतो. संपादन ज्या स्क्रीनवर होतं तिचा उजेड साधारण १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर असतो. हॉलमध्ये भिंतीवर १५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडत असतील, तर कागदाचा अगदी पांढरा भागसुद्धा त्याच मापात ४५ च्या आत राहतो. म्हणजे स्क्रीनवर जो कडा पोताने भरलेला दिसत होता, तो भिंतीवर निम्म्याहून कमी उजेडात डांबरासारखा सपाट होतो. इलाज सोपा आहे, पण कंटाळवाणा. पूर्ण आकारातल्या फाइलमधून ८ बाय १२ इंचांचा एक तुकडा कापायचा, ज्यात सगळ्यात गडद सावली आणि सगळ्यात उजळ ढग दोन्ही येतील. तो त्याच कागदावर छापून हॉलमध्ये, त्याच दिव्याखाली, त्याच भिंतीवर टाचणीने लावून बघायचा. बहुधा सावल्या तिसरा हिस्सा ते अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलाव्या लागतात. अठरा फोटोंचे अठरा तुकडे. प्रिंटवाल्याच्या दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मंजुरी देऊ नका.

कागद निवडताना धुकं, पाऊस, मळभ यांना सुमारे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) मॅट कॉटन कागद शोभतो. कडे आणि रात्रीचं आकाश बराइटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या, किंचित चमकदार) कागदावर, कारण मॅट कागदाचा काळा तेवढा खोल जात नाही. शाई पिगमेंटचीच. फ्लेक्स आणि सनबोर्ड बाहेरच्या फलकासाठी ठेवा.

जुने फोटो असतील तर

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. तेव्हा जुन्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमिन प्रिंट (अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे) निघणं इथे अजिबात नवलाचं नाही. निघाले तर मूळ प्रिंट लावायचा मोह आवरा. त्यांच्यावर ५० लक्सच्या वर उजेड नको आणि उजेडाचा हिशेब रोजचा साठत जातो. सोमवार सुट्टी, दिवसाला आठ तास, तेरा आठवडे म्हणजे ७८ दिवस: ५० लक्सने ३१,२०० लक्स-तास होतात. तेच २०० लक्सखाली टांगले तर १,२४,८००, आणि फिकटलेलं परत येत नाही. चांगलं स्कॅन करून छापलेली प्रतिकृती भिंतीवर आणि मूळ प्रिंट काही आठवड्यांपुरता झाकणाच्या पेटीत, ही वाट बरी. प्रतिकृतीवर 'प्रतिकृती' असं स्पष्ट लिहा.

सायनोटाइपचा, म्हणजे लोहक्षारांवर उमटवलेल्या निळ्या प्रिंटचा, स्वभाव थोडा वेगळा. उजेडात फिकटतो, अंधारात ठेवला की काही अंशी परत येतो. मात्र त्याला अल्कली सोसत नाही. इतर फोटोंसाठी चांगला मानला जाणारा अल्कलीयुक्त माउंट बोर्ड (फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा) त्याचा रंग मारतो. त्याच्यासाठी बफर, म्हणजे अल्कली, न घातलेला कागद मागून घ्या.

आणि जुन्या फोटोतलं आभाळ कोरं दिसतं म्हणून स्कॅनमध्ये त्यात 'ढग आणायला' कुणाला सांगू नका. त्या काळच्या कलोडियन काचांना (रसायनाचा थर दिलेल्या काचेच्या निगेटिव्हना) निळा प्रकाश फार लवकर लागायचा. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ जळून पांढरं व्हायचं. काही छायाचित्रकार दुसऱ्या काचेवरचे ढग प्रिंट करताना जोडायचे. फोटोखालच्या पाटीवर लिहायला याहून चांगली दोन वाक्यं मिळणार नाहीत.

चौकट आणि दमट हवा

महाराष्ट्रात फोटोचा खरा शत्रू उजेडापेक्षा ओल आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आमंत्रण, आणि घाटमाथ्यावर किंवा किनाऱ्यावर जुलैत ती ८५-९० सहज असते. तारीख आपल्या हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. नसेल तर डीह्युमिडिफायर भाड्याने घ्या आणि तो रात्रीही चालू ठेवा. दिवसभर एसी आणि संध्याकाळी सहाला सगळं बंद, हा सगळ्यात वाईट प्रकार: हवा रोज कोरडी-ओली होते, कागद रोज ताणतो-सैलावतो आणि पंधरा दिवसांत प्रिंटला लाटा येतात.

म्हणून चौकटीत प्रिंट जखडायचा नाही. तो फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने लटकवायचा. खाली आणि बाजूंना मोकळा. चौकटीच्या खाचेत चारही बाजूंना ३ मिमी जागा सोडायची. सेलोटेप, दुहेरी टेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही प्रिंटला लागता कामा नये. प्रिंट आणि काच यांच्यात माउंटची किंवा पट्टीची २-३ मिमी फट हवीच. काचेला टेकलेला प्रिंट दमट हवेत तिला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर काचेवर राहतो. फ्रेमवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही. पहिली चौकट उघडायला लावून आत बघा.

काच की ॲक्रिलिक? ३ मिमी काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते. ४० बाय ३० इंचांच्या चौकटीत नुसत्या काचेचं वजन पावणेसहा किलोच्या वर जातं. ॲक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. मोठ्या चौकटींना आणि जिथे शाळेची मुलं येणार तिथे ॲक्रिलिक. फक्त ते चरे लवकर धरतं आणि अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाने धुरकट होतं. ओलसर मायक्रोफायबरचं फडकं पुरे. धूळ आधी फुंकून घ्या, मग पुसा.

चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा. चौकट भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा खेळते आणि कसर व बुरशी दोघांचीही सोय मोडते. पावसाकडे तोंड असलेली पश्चिमेची बाहेरची भिंत शक्यतो मोकळीच सोडा. तिथे माहितीफलक लावा. भिंतीला नवा रंग द्यायचा तर फिकट राखाडी, बिनचमकीचा, पाण्यातला. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर ढग मळकट दिसतात. रंग आणि प्लाय दोन्हींचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन आठवडे, फोटो आत आणू नका.

टांगणी

फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे पावणेपाच फुटांवर. बहुतेक प्रेक्षक शाळकरी असतील तर दोन-तीन इंच खाली. भोक कुठे पाडायचं त्याचं गणित असं: मध्याची उंची, अधिक चौकटीची निम्मी उंची, वजा वरच्या कडेपासून कडीपर्यंतचं अंतर. चौकट ३० इंच उंच, कडी ५ इंच खाली: ५७ + १५ − ५ = ६७ इंच. प्रत्येक चौकटीची कडी वेगळ्या उंचीवर असते, म्हणून प्रत्येकीचं माप वेगळं घ्या आणि तिच्या पाठीवर पेन्सिलने लिहा.

तार नको. दोन कड्या आणि दोन स्क्रू. तारेवरचा फोटो प्रत्येक झाडूच्या धक्क्याने कलतो, आणि समुद्राच्या फोटोत दोन सूत कल आला तरी क्षितिज सांडतंय असं वाटतं. विटांच्या भिंतीत ६ मिमी भोक, प्लास्टिकचा प्लग, ४० मिमी स्क्रू. भोक पाडताना भुकटी लाल आली तर वीट, ठीक. पांढरीच येत राहिली आणि ड्रिल फुसकन आत गेलं तर पोकळ प्लास्टर, जागा बदला. इमारत संरक्षित वास्तू असेल तर भिंतीला भोक पाडायचंच नाही. छताजवळचा रेल किंवा उभी पार्टिशनं हाच मार्ग.

लांब भिंतीवर एक समान रेषा आणायला गवंड्याची पाण्याची लेव्हल पाइप सगळ्यात भरवशाची. जुन्या इमारतीत जमीन दहा फुटांत इंचभर उतरलेली असते, त्यामुळे जमिनीपासून मोजलेली उंची फसवते. एका टोकाला ५७ इंच धरा आणि पुढे पाणी सांगेल ते ऐका. एरवी चौकटींचे मध्य एका रेषेत ठेवायचे, पण शेजारी-शेजारी समुद्राचे दोन-तीन फोटो आले तर चौकटी सोडून क्षितिजं एका रेषेत आणा. डोळा तिथेच अडखळतो.

दिवे साडेदहा फुटांवरच्या ट्रॅकवर असतील, तर भिंतीपासून ट्रॅक सव्वातीन फुटांवर हवा. तेव्हा किरण उभ्या रेषेशी ३० अंशांत फोटोच्या मध्यावर येतो. त्याहून जवळ आणला तर चौकटीची सावली फोटोवर पडते, लांब नेला तर बघणाऱ्याची. एलईडी ९० च्या वर सीआरआयचे (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा), ३००० ते ४००० केल्विन, सगळे एकाच खोक्यातले. आधुनिक पिगमेंट प्रिंटवर १५० लक्स ठेवा आणि कोपऱ्यातला उजेड मध्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी नको. लक्समीटर भाड्याने आणा. मोबाइलचं ॲप ढोबळ अंदाजापुरतं. गडद फोटोच्या समोर खिडकी आली तर काचेत खिडकीच दिसते. अशा वेळी फोटो हलवा, दिवा वाढवू नका.

फिल्मची खोली

खोलीची लांबी १६ फूट. पडदा साडेसात फूट रुंद, सव्वाचार फूट उंच, खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर. बाक पडद्यापासून दहा फुटांवर. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट) १.५ असेल तर तो पडद्यापासून सव्वाअकरा फुटांवर येतो (७.५ गुणिले १.५), म्हणजे बाकाच्या किंचित मागे, छताला. विकत किंवा भाड्याने घेण्याआधी हा गुणाकार करा. नंतर प्रोजेक्टर हलवायला मागे भिंतच उरत नाही. लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच वर-खाली सरकवून चित्र बसवायची सोय, असलेलं यंत्र मागा. कीस्टोनच्या बटणाने चित्र सरळ होतं, पण ते पिक्सेल कापून आणि ताणून; गवताच्या पात्यांवर लगेच कळतं.

उजेड किती लागेल? पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस मीटर. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर १००० लक्स टाकतो, म्हणजे लागतो त्याहून जास्तच. अडचण प्रोजेक्टरची नसते, दाराची असते. दारातून पडद्यावर १० लक्स बाहेरचा उजेड आला तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण शंभरास एक राहतं. ५० लक्स आला तर वीसास एक, आणि धुक्यातली दरी ही नुसती राखाडी भिंत होते. दुप्पट महाग प्रोजेक्टरपेक्षा दाराशी काटकोनात वळणारा साडेतीन फुटी बोळ स्वस्त पडतो. त्याच्या भिंती बिनचमकीच्या काळ्या, छतही काळं. पडदे आग न धरणाऱ्या कापडाचे, बाहेर जायच्या वाटेवर पायाशी मंद दिव्याची पट्टी. व्हीलचेअर त्या वळणावर फिरते का ते स्वतः ढकलून बघा.

निसर्गाच्या फिल्मची फाइल वेगळी जपावी लागते. धबधबा, पाऊस, वाऱ्यावरचं गवत यांत प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल बदलतो. बोलणाऱ्या माणसाला पुरणारे ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) इथे कमी पडतात आणि पाणी चौकोनांच्या तुकड्यांत फुटतं. फुल एचडीला २० ते ३० एमबीपीएस द्या. फाइल तपासताना सुरुवातीचं शीर्षक बघू नका, धबधब्याचा शॉट बघा. धुक्याच्या शॉटमध्ये पट्टे दिसले तर हलकासा ग्रेन घाला; त्याने पट्टे विरतात.

दुसरा दोष पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवलेल्या शॉटमध्ये, दिसतो. कॅमेरा डोंगररांगेवरून हळू सरकतो आणि चित्र मधूनमधून अडखळतं. बहुतेक वेळा फाइल निर्दोष असते: सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमची फिल्म ६० हर्ट्‌झवर चालवल्यामुळे काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात. २५ फ्रेमची फिल्म असेल तर प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्ही ५० हर्ट्‌झवर लावा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते आणि रांग लोण्यासारखी सरकते.

टाइमलॅप्स असेल तर उजेडाची लुकलुक तपासा आणि तीस सेकंदांच्या वर ताणू नका. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवण्याचा प्रयोग दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच करून ठेवला आहे. आज नुसते पळते ढग पाहून कुणी थांबत नाही.

लॅपटॉपवरून फिल्म चालवू नका. उद्घाटनाच्या दिवशी अपडेट येतो. छोटा मीडिया प्लेअर घ्या, जो वीज येताच आपोआप सुरू होतो आणि न अडखळता लूप करतो. वीज जाणार हे धरूनच चाला: प्लेअर आणि प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा, निदान पंख्याने प्रोजेक्टर थंड होईपर्यंत. एचडीएमआय केबल दहा मीटरच्या वर गेली तर ऑप्टिकल घ्या. प्रोजेक्टरभोवती फूटभर मोकळी हवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला फिल्टरची सफाई.

आवाजाचा विचार करताना खोलीबाहेर बसलेल्या सुरक्षारक्षकाचा विचार करा. बारा मिनिटांची फिल्म आठ तासांत चाळीस वेळा लागते. तोच पाऊस, तेच रातकिडे, चाळीस वेळा. चौथ्या दिवशी आवाज 'बिघडतो', आणि बिघडवणाऱ्याला दोष देता येत नाही. बाकावर ६० डेसिबलच्या आसपास ठेवा, पडद्याजवळच्या दोन लहान स्पीकरमधून. वाऱ्याची घरघर भिंतीतून आरपार जाते, म्हणून ध्वनीपट्टीतून ८० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. खोलीत सतरंजी आणि जाड पडदे असले की घुमणं निम्मं कमी होतं. दारावर लिहा: 'कालावधी १२ मिनिटं, सलग सुरू. कधीही आत या.'

जुनी फिल्म मिळवायची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे, जे १९६४ साली सुरू झालं आणि आता एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) भाग आहे, किमान तीन-चार महिने आधी पत्र द्या. १६ मिमीचं ४०० फुटी रीळ २४ फ्रेमच्या वेगाने अकरा मिनिटं चालतं. मूकपट त्याहून हळू चालवायचा असतो. स्कॅन करणाऱ्याला मूळ वेग विचारा, नाहीतर बैलगाडी धावत सुटते.

पाट्या

एका पाटीत पन्नास-साठ शब्द. तीन फुटांवरून वाचायच्या पाटीला २४ पॉइंट, दर्शनी फलकाला ४० च्या वर. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्यामुळे तोच पॉइंट रोमनपेक्षा बारीक दिसतो. ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा. लॅमिनेशन मॅट.

मजकूर युनिकोडमधून प्रिंटवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो तिथे घात होतो. 'दऱ्या'तला अर्धा र बदलतो आणि पाटीवर 'दर्या' येतो. सह्याद्रीच्या प्रदर्शनात दऱ्यांचा समुद्र झालेला कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण शब्द बरोबरच असतो. मजकूर पीडीएफमध्ये, अक्षरांच्या आउटलाइन करूनच द्या, आणि ऱ्य, रफार, ॲ-ऑ एवढे शोधून तपासा.

भिंतीवर व्हिनाइलची कापीव अक्षरं लावायची असतील तर अजून एक. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कापणारं यंत्र प्रत्येक अक्षर वेगळं समजून त्या जोडावरही पातं चालवतं. मग सोलताना शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द विंचरल्यासारखा दिसतो. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण शब्द निवडून वेल्ड करा, म्हणजे अक्षरं एकसंध करा, मगच कापायला पाठवा.

कागदपत्रं, थोडक्यात

फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, फिल्मचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. परवानगीपत्रात प्रदर्शन, जाहिरात आणि समाजमाध्यमं वेगवेगळी लिहून घ्या. ड्रोनच्या चित्रणाला परवानगीची प्रत मागा. भिंतीवर नकाशा असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच. दुर्मीळ फुलांच्या फोटोखाली तालुका लिहा, नेमकी जागा नको. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटांबरोबर जागतिक वारशात गेलं आणि तिथल्या गर्दीला आवर घालायला आधीच नोंदणी ठेवावी लागते.

रोजचं आणि शेवटचं

सकाळी दार उघडल्यावर: आर्द्रतामापक वाचून वहीत आकडा, सगळे दिवे, फिल्मचा धबधबा आणि आवाज, कललेल्या चौकटी. काचेच्या आतून बाष्प दिसलं तर ती चौकट त्याच दिवशी उतरवा, आडवी ठेवून उघडा, प्रिंट सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही.

प्रदर्शन उतरवताना चौकटी भिंतीवरच्या क्रमाने आणि पाठीवरच्या आकड्याने बांधा. आधी ॲसिडमुक्त कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले आणि गोदामात दोन पावसाळे गेले, तर ॲक्रिलिकवर गोल ठशांची नक्षी उठते. खोक्यांत चौकटी उभ्या ठेवा, काच काचेकडे, पाठ पाठीकडे. खोकी जमिनीवर न ठेवता चार इंच उंच फळीवर ठेवा.